तुमचे आकडे तुम्हीच समजून घ्या

मावळात आणि लोणावळ्यात राहून वैद्यक, नर्सिंग, समाजकार्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र किंवा योगशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना माझी एक कळकळीची विनंती आहे. प्रबंधासाठी घरोघर फिरून जमवलेली माहिती एक्सेलच्या फाइलमध्ये भरून, पैसे मोजून, ‘ॲनालिसिस’साठी दुसऱ्याच्या हवाली करू नका. रिग्रेशन स्वतः शिका. तोंडी परीक्षेतले दोन प्रश्न निभावण्यापुरते शिकू नका. तक्त्यातला एखादा आकडा कुठून आला, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आपल्या आईवडिलांनाही समजावून देता येईल इतके शिका.

प्रबंध सादर करायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. विद्यार्थी वर्षभर आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात हिंडलेला असतो. अंगणवाडीत बसून त्याने मुलांची वजने घेतलेली असतात, आशाताईंबरोबर वाड्यावस्त्या पालथ्या घातलेल्या असतात. शेवटच्या महिन्यात ही सगळी मेहनत एका अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर जाते आणि चार दिवसांनी तक्त्यांचा गठ्ठा परत येतो. काही आकड्यांपुढे तारे असतात. तारा दिसला की ‘लक्षणीय संबंध आढळला’ आणि तारा नसला की ‘संबंध आढळला नाही’, असे लिहून प्रकरण पुरे होते.

तक्ते करून देणाऱ्याला मी दोष देत नाही. जुलैत ज्या बायका घरी सापडल्या नाहीत त्या भातलावणीला गेल्या होत्या, हे त्याला कसे कळणार? पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुली यादीतून गळल्या, एका अंगणवाडीतला वजनकाटा नीट चालत नव्हता, एका वाडीवरच्या सगळ्या मुलाखती सासूच्या समोर झाल्या, हेही त्याला ठाऊक नसते. तुम्हाला ठाऊक असते. कोणती नोंद घ्यायची, कोणती तपासून पाहायची, कोणता घटक हिशेबात धरायचा हे निर्णय याच माहितीच्या जोरावर होतात. म्हणून ते तुमच्याच हातून व्हायला हवेत.

पाच नोंदी आणि एक रेष

‘दहावीनंतर गणित सोडले, आता हे कसे जमणार?’ असे अनेक जण विचारतात. सुरुवातीला लागणारे गणित बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार एवढेच आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि पुढचे उदाहरण स्वतः सोडवा. आकडे शिकण्यासाठी घेतलेले, कल्पित आहेत.

समजा, पाच वाड्यांमधल्या पाच बाळंतिणींच्या नोंदी तुमच्यापुढे आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून त्यांची घरे २, ४, ६, ८ आणि १० किलोमीटरवर आहेत. गरोदरपणात त्या अनुक्रमे ८, ७, ५, ६ आणि ४ वेळा तपासणीला आल्या. अंतराची सरासरी ६, तपासण्यांची सरासरीही ६. आता प्रत्येकीचे अंतर सरासरीपेक्षा किती कमी-जास्त आहे ते लिहा: उणे ४, उणे २, ०, २, ४. तपासण्यांचेही तसेच: २, १, उणे १, ०, उणे २. प्रत्येकीच्या या दोन फरकांचा गुणाकार करून बेरीज घ्या. ती येते उणे १८. अंतराच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्या. ती येते ४०. पहिलीला दुसरीने भागले की उणे ०.४५ मिळतात. हा रेषेचा उतार, म्हणजेच रिग्रेशनचा गुणांक. रेष दोन्ही सरासऱ्यांमधून जाते, म्हणून शून्य किलोमीटरवर ती ८.७ ला टेकते. झाले रिग्रेशन.

या पाच जणींपुरता उणे ०.४५ चा अर्थ असा: घर आणखी एक किलोमीटर लांब असेल तर सरासरीने सुमारे अर्धी तपासणी कमी. कोणतीही एक बाई अर्धी तपासणी करत नाही. हे विधान सरासरीचे आहे. पाच बिंदूंमधून कितीही रेषा काढता येतील. पण प्रत्यक्ष आकडा आणि रेषेने सांगितलेला आकडा यांतल्या फरकांच्या वर्गांची बेरीज ज्या रेषेला सर्वांत कमी येते, ती ही रेष. फ्रेंच गणिती लजांद्र यांनी ही रीत १८०५ मध्ये छापून प्रसिद्ध केली. ते धूमकेतूंच्या कक्षा शोधत होते. आपण तीच रीत बाळंतिणींच्या तपासण्यांसाठी वापरतो.

आता आठ किलोमीटरवरच्या बाईकडे पाहा. रेषेप्रमाणे तिच्या तपासण्या ५.१ व्हायला हव्या होत्या, झाल्या ६. सहा किलोमीटरवरच्या बाईच्या ६ व्हायला हव्या होत्या; झाल्या ५. हे जे उरलेले फरक आहेत त्यांना रेसिड्युअल म्हणतात. तयार तक्त्यात ते सहसा दिसत नाहीत. मला मात्र रिग्रेशनमधला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. लांबची बाई जास्त वेळा कशी आली? तिच्या वाडीची आशा स्वतः तिला घेऊन येत होती का? जवळची कमी वेळा का आली? मधला ओढा पावसात भरून वाहतो का? रेषेपासून दूर पडलेल्या घरी पुन्हा जाऊन विचारायला हवे. हे काम कॉम्प्युटर करणार नाही, तुम्ही करू शकता.

हीच रेष पुढे वीस किलोमीटरपर्यंत ओढली तर तपासण्या उणे ०.३ येतात, म्हणजे शून्याहूनही कमी. आपण दहा किलोमीटरपर्यंतच पाहिले आहे; त्यापलीकडे बोलायचा अधिकार या रेषेला नाही. हे हाताने एकदा करून पाहिलेला विद्यार्थी आपल्या माहितीच्या बाहेर जाऊन निष्कर्ष काढताना दहा वेळा विचार करतो.

आलेख काढल्याशिवाय गुणांकावर विश्वास ठेवू नका, हेही इथेच सांगतो. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अन्स्कोम यांनी १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांच्या सरासऱ्या जवळपास सारख्या, रिग्रेशनची रेष सारखी, सहसंबंध ०.८२ च्या आसपास. कागदावर बिंदू मांडले तर मात्र पहिल्यात साधा चढ, दुसऱ्यात कमान, तिसऱ्यात एका चुकार बिंदूने वाकवलेली रेष आणि चौथ्यात एकाच बिंदूच्या जिवावर उभी राहिलेली रेष. तक्ता या चौघांना एकच समजतो. डोळ्यांना फरक लगेच दिसतो.

अंतरामागे आणखी काय दडले आहे?

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने शेतकऱ्यांना इंद्रायणी तांदूळ दिला. अशा केंद्रातल्या भाताच्या प्रयोगात शेताचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात कोणते बियाणे पेरायचे, हे चिठ्ठ्या टाकून ठरवता येते. माणसांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा अशक्य असते. चिठ्ठ्या टाकून निम्म्या गरोदर बायकांना लांबच्या वाडीवर राहायला पाठवता येत नाही. लोक जिथे आहेत, जसे आहेत, तसेच आपल्याला भेटतात. लांबच्या वाडीवरचे घर बहुधा गरीबही असते, तिथली बाई कमी शिकलेली असते, तिथे एसटीच्या फेऱ्याही कमी. मग तपासण्या अंतरामुळे कमी झाल्या की गरिबीमुळे?

एकापेक्षा अधिक घटक एका वेळी हिशेबात घेणारे बहुचल रिग्रेशन इथे कामी येते. त्यातला अंतराचा गुणांक सांगतो: उत्पन्न, शिक्षण आणि एसटीची सोय सारखीच असलेल्या दोन बायकांची तुलना केली, तर अंतरानुसार सरासरीने किती फरक दिसतो. समाजशास्त्राच्या प्रश्नासाठी ही पद्धत पहिल्यांदा वापरणाऱ्यांत ब्रिटनचे उडनी यूल येतात. गरिबांना घरी मदत द्यावी की गरीबखान्यात ठेवावे, आणि त्याने सरकारी मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढते का, असा त्यांचा १८९९ मधला प्रश्न होता. ‘यामुळे घडले’ असे आपण म्हणू तिथे काटेकोरपणे ‘याच्याशी संबंधित आहे’ असे वाचावे, अशी सूचना त्यांनी त्या निबंधातच देऊन ठेवली होती. सव्वाशे वर्षांनंतरही आपल्या प्रबंधांतून ती पाळली जात नाही.

आपल्याच जिल्ह्यात झालेले एक काम प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे मी सुचवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. जवळपास ८०० स्त्रियांचे गरोदरपण त्यात बारकाईने नोंदवले गेले. त्या शेतकरी घरांतल्या, काबाडकष्ट करणाऱ्या स्त्रिया होत्या. गरोदरपणाआधी त्यांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे होते ३.५ किलो.

आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या मातांच्या आहाराचे विश्लेषण प्रसिद्ध केले. एकूण उष्मांक आणि प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही. अठराव्या आठवड्यातले दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या हिरव्या पालेभाज्या व फळे यांचा मात्र दिसला. मातेची शरीरयष्टी, गरोदरपणाचे आठवडे, बाळ मुलगा की मुलगी अशा गोष्टी हिशेबात धरल्यानंतरही तो टिकला. त्याच अभ्यासातून पुढे मातेचे कष्ट आणि बाळाचा आकार यांचा उलटा संबंधही मांडला गेला: शेतातले काम आणि पाणी वाहणे जितके अधिक, तितके बाळ लहान.

या निष्कर्षांतून नवे प्रश्न निघतात, हे ध्यानात घ्या. पालेभाजी जास्त खाणाऱ्या घरात आणखी काही वेगळे होते का? फक्त भाजी वाढवली तर वजन वाढेल का? रिग्रेशनने जागा दाखवली. पडताळा पाहायला प्रयोग लागतो. एखाद्या पेपरमधून मिळालेल्या गुणांकाची मर्यादा ओळखता आली, तर गरोदर बाईशी बोलताना तुम्ही खोटी खात्री देणार नाही आणि खऱ्या उपयोगाची गोष्ट टाळणारही नाही.

योगाच्या विद्यार्थ्यांना

लोणावळ्याच्या योगविद्यार्थ्यांना मी वेगळे सांगू इच्छितो, कारण त्यांच्याकडे फार मोठा वारसा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौली, उड्डियान, प्राणायाम यांनी शरीरात काय घडते ते क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने मोजून पाहायचे, ही त्यांची भूमिका होती. श्रद्धा असलेल्या विषयाचेही मोजमाप करायचे धाडस त्यांनी शंभर वर्षांपूर्वी केले. आजच्या विद्यार्थ्याने त्या मोजमापात पुढची शिस्त आणायला हवी.

एक नेहमीचा आराखडा घ्या. शिबिरात रक्तदाब मोजला, वरचा आकडा १५० च्या पुढे असलेले चाळीस लोक निवडले, त्यांना सहा आठवडे योग शिकवला, पुन्हा मोजले, सरासरी उतरली. योगाचा परिणाम? काही अंशी असेलही. पण त्याच चाळीस लोकांना काहीही न शिकवता आठवड्याने पुन्हा मोजले असते, तरी सरासरी थोडी उतरलीच असती. कोणत्याही दिवशीच्या मोजमापात माणसाचा नेहमीचा रक्तदाब असतो आणि त्या दिवसाचा चढ-उतारही असतो: घाईने चढलेला जिना, अपुरी झोप, पांढऱ्या कोटाची धास्ती. फक्त वर गेलेले आकडे निवडले, की त्या दिवशी योगायोगाने वर गेलेले बरेच जण त्यात येतात. पुढच्या वेळी ते आपल्या नेहमीच्या जागेकडे सरकतात.

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांची उंची अभ्यासून हेच दाखवले. उंच आईबापांची मुले उंच होती, पण सरासरीपासूनचे त्यांचे अंतर आईबापांच्या अंतराच्या सुमारे दोन तृतीयांश भरले. रिग्रेशन हे नाव या निरीक्षणातून आले.

उपाय आपल्या हातात आहे. तुलनेसाठी दुसरा गट घ्या आणि कोण कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. सहा आठवड्यांनंतरचा रक्तदाब हा रिग्रेशनमधला निकाल धरा. सुरुवातीचा रक्तदाब आणि गट हे दोन घटक ठेवा. गटाचा गुणांक सांगेल, की सुरुवातीला सारखाच रक्तदाब असलेल्या दोन माणसांत योग करणाऱ्याचा सरासरीने किती कमी झाला. असा मिळालेला ४ चा आकडा तुलनेशिवाय मिळालेल्या १२ पेक्षा खरा आहे. योगाविषयी ज्यांना मनापासून आदर आहे, त्यांनी हाच आकडा मागावा.

तारे मोजू नका

तक्त्यातले तारे पी-व्हॅल्यूवरून ठरतात आणि तिच्याभोवती फार गैरसमज आहेत. खरोखर काहीच संबंध नसता, तरीही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा गुणांक मिळण्याची शक्यता किती, एवढेच ती सांगते. ती ०.०५ च्या खाली गेली म्हणून परिणाम मोठा ठरत नाही आणि वर राहिली म्हणून परिणाम नाही असेही सिद्ध होत नाही. पन्नास हजार नोंदी असतील तर क्षुल्लक फरकालाही तारा मिळतो. तीस नोंदींत मोठा फरकही ताऱ्याविना राहतो. म्हणून आधी गुणांक पाहा, त्याचे एकक पाहा, मग त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, पाहा. ‘बाळाचे वजन सरासरीने ६० ग्रॅम जास्त, ९५ टक्के इंटर्व्हल १० ते ११०’ असे कल्पित वाक्य घ्या. त्यातून वाचणाऱ्याला जे कळते ते ताऱ्यातून कधीच कळत नाही.

निकाल ‘हो किंवा नाही’ असा असेल, उदाहरणार्थ बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे आहे की नाही, तेव्हा लॉजिस्टिक रिग्रेशन लागते. हृदयविकाराच्या कारणांसाठी अमेरिकेत १९४८ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासामुळे ते वैद्यकात रुळले. त्यातून ऑड्स रेशो मिळतो आणि विद्यार्थी तो ‘इतक्या पट धोका’ म्हणून वाचतात. समजा, एका गटात १०० पैकी ४० बाळे कमी वजनाची आणि दुसऱ्यात १०० पैकी २०. धोका दुप्पट आहे. ऑड्स मात्र ४० ला ६० आणि २० ला ८०, म्हणजे रेशो येतो २.६७. त्याला ‘पावणेतीन पट धोका’ म्हणणे चूक आहे. घटना विरळ असेल तरच दोन्ही आकडे जवळ येतात.

घटकांची गर्दीही टाळा. तुमच्याकडे ३०० बाळांपैकी ३० कमी वजनाची असतील तर जुन्या ठोकताळ्यानुसार तीन घटकांवर थांबावे. दर घटकामागे दहा घटना. प्रश्नावलीतले पंचवीसही प्रश्न रिग्रेशनमध्ये कोंबले तर तीस बाळांच्या योगायोगालाच तुम्ही नियम समजून बसाल. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही ही काळजी घ्यावी लागते. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले सोळा घटकांचे मान्सूनचे रिग्रेशन मॉडेल हवामान खाते १९८८ पासून वापरू लागले. अनेक वर्षे अंदाज चांगले आले. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला ८१ टक्के आणि देशात दुष्काळ झाला. काही घटकांचा मान्सूनशी असलेला जुना संबंध क्षीण झाला होता. खात्याने पुढच्याच वर्षी घटकांची संख्या कमी केलेली नवी मॉडेल्स आणली. काल जुळलेला संबंध उद्याही जुळेल, ही खात्री कोणत्याही रिग्रेशनमध्ये नसते. पुन्हा पुन्हा तपासत राहावे लागते.

आणखी एक गोष्ट मावळात हमखास लागू पडते. दहा वाड्यांतल्या प्रत्येकी वीस बायका घेतल्या तर नोंदी दोनशे होतात, पण एका वाडीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात: विहीर तीच, आशा तीच, रस्ता तोच. त्यांना दोनशे सुट्या नोंदी समजून हिशेब केला तर खात्री फुगवून दिसते. वाडीचा विचार करणाऱ्या पद्धती आहेत. मार्गदर्शकांना त्याबद्दल आधीच, माहिती गोळा करण्यापूर्वी, विचारा.

गुणांकाला माणसाचा दोष समजू नका

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते. रिग्रेशनमध्ये जात-जमातीचा रकाना घातला आणि कातकरी किंवा ठाकर कुटुंबांसाठी कुपोषणाचा गुणांक मोठा आला, तर तो त्या लोकांच्या रक्ताचा किंवा स्वभावाचा आकडा नसतो. जमीन नसणे, कामासाठी वर्षातले काही महिने घर सोडून जाणे, वाडीला रस्ता नसणे, दवाखान्यात मिळणारी वागणूक, असे जे आपण मोजलेच नाही ते सारे त्या एका आकड्यात साचलेले असते. ज्या गाल्टन यांनी रिग्रेशनची कल्पना मांडली, त्यांनीच सुप्रजननाच्या नावाखाली माणसांची चांगला वंश, वाईट वंश अशी प्रतवारी करण्याचा पुरस्कार केला. पुढे त्या विचाराने जगात फार अनर्थ केला. हत्यार आपण घेऊ, तो विचार घेणार नाही. ‘आदिवासी असल्यामुळे’ असे वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी थांबा आणि आणखी काय मोजायला हवे होते ते विचारा.

सुरुवात अशी करा

पहिल्या आठवड्यात वरचे पाच नोंदींचे उदाहरण हाताने करा, मग आकडे बदलून पुन्हा करा. दुसऱ्या आठवड्यात तेच एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये करून उत्तर जुळते का पाहा, आलेखही काढा. नंतर जामोवी किंवा आर घ्या. दोन्ही मोफत आहेत.  महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत वापरायची काहीच गरज नाही.

सरावासाठी खरी माहिती हवी असेल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची घ्या. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या या सर्वेक्षणाची २०१९-२१ ची पाचवी फेरी, नाव-गाव वगळलेल्या नोंदींसह, नोंदणी करून अभ्यासासाठी मोफत मिळते. तिच्यातून महाराष्ट्र वेगळा काढा आणि एकच साधा प्रश्न विचारा. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपचाही विचार करावा. दोन महिन्यांच्या छोट्या प्रकल्पावर ही विद्या पक्की होते.

एकट्याने शिकू नका. तीन-चार जणांचा गट करा आणि त्यात वेगवेगळ्या शाखांची मुले घ्या. तळेगावचा वैद्यकीय विद्यार्थी, लोणावळ्याची योगविद्यार्थिनी आणि समाजकार्याची विद्यार्थिनी एकत्र बसले तर एकाच्या प्रश्नातली फट दुसऱ्याला दिसते. दर आठवड्याला एक प्रसिद्ध पेपर घ्या आणि त्यातला फक्त एक तक्ता पूर्ण समजून घ्या: निकाल कोणता, एकक कोणते, कोणते घटक धरले, कोणते सुटले.

प्रश्न मात्र इथलेच निवडा. तळेगावच्या एमआयडीसीसाठी जमीन गेलेल्या घरांत मुलींचे शिक्षण वाढले का? शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर पोट असलेल्या लोणावळ्यातल्या घरांत मुलांची शाळेतली हजेरी पावसाळ्यात बदलते का? भातलावणीच्या महिन्यांत गरोदर बायकांचे वजन कसे वाढते? यांची उत्तरे परदेशी पाठ्यपुस्तकात नाहीत. माहिती गोळा करण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्या, लोकांची संमती घ्या, नावे गुप्त ठेवा. मुख्य प्रश्न कोणता आणि कोणते घटक घेणार, हे आधीच कागदावर लिहून मार्गदर्शकांची सही घ्या, म्हणजे नंतर तारे शोधत फिरण्याचा मोह होणार नाही.

मार्गदर्शक प्राध्यापकांनाही माझे सांगणे आहे. प्रबंधात किती तक्ते आहेत हे मोजू नका. विद्यार्थ्याला एकच गुणांक दाखवून त्याचा अर्थ मराठीत, स्वतःच्या शब्दांत विचारा. तो सांगता आला नाही तर प्रबंध परत द्या आणि शिकायला वेळ द्या. ज्याला स्वतःलाही पूर्ण येत नसेल त्याने विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकावे. त्यात कमीपणा नाही.

मुलांनो, मावळातल्या लोकांनी आपले काम बाजूला ठेवून तुम्हाला वेळ दिला, घरातल्या गोष्टी सांगितल्या, मुलांना वजनकाट्यावर उभे केले. त्या माहितीचा नीट अर्थ लावणे हे तुमचे कर्तव्य आहे. रिग्रेशन शिका, निष्कर्ष काढा आणि तो त्या वाडीवर परत जाऊन त्यांच्या भाषेत सांगा. आजच कागद घ्या आणि पाच नोंदींपासून सुरुवात करा.